आमटीतला मुलूख: बेळगावची चटणी आणि इंदूरचा गोडा मसाला

मंडळी, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांचा इतिहास लिहायला बसलं की आपण सनदा, वाडे, देवळं, गणेशोत्सव आणि नाटकमंडळ्या यांवर भरभरून लिहितो. आज मी मसाल्याच्या डब्यावर लिहिणार आहे. माझं माहेर बेळगावचं, सासर इंदूरचं. दोन्ही घरं पक्की मराठी, आणि दोन्ही महाराष्ट्राच्या नकाशाबाहेरची. तरी दोन्हीकडच्या आमट्या शेजारी ठेवल्या तर एकमेकींना ओळख दाखवणार नाहीत. हा फरक आला कुठून, ते शोधताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली: आपल्या घराण्यानं कुठे मुक्काम केला, कुणाच्या शेजारी संसार थाटला, कशाला महाग झालो आणि कशाची चंगळ केली, हे सगळं मसाल्याच्या प्रमाणात लिहून ठेवलेलं असतं. वाचता मात्र यायला हवं.

आधी मिरचीपासून सुरुवात करू. मिरची म्हणजे अगदी आपली, असं आपल्याला वाटतं. पण ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, आणि त्या शतकात त्यांच्या जहाजांबरोबर ती आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपल्या जेवणाला तिखटपणा होता तो मिरे, पिंपळी, सुंठ आणि मोहरीचा. 'मिरची' हे नावसुद्धा मिऱ्यावरून, म्हणजे संस्कृत 'मरीच'वरून आलं. नवीन पाहुणीला घरातल्या जुन्या माणसाचं नाव दिलं आणि ती पुढे घरची मालकीण झाली.

म्हणून मला आपल्या मसाल्यात दोन थर दिसतात. खालचा थर धणे, जिरे, तीळ, मिरे, हिंग यांचा. गोडा मसाला याच थराला धरून आहे. 'गोडा' म्हणजे साखरेचा गोड नव्हे, तिखटजाळ नसलेला. त्यात मिरची असली तरी ती पाठीमागे उभी असते. वरचा थर मिरचीचा, आणि तो बघायचा तर आमच्या बेळगावकडे यायला हवं.

बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या पट्ट्यात वर्षाच्या मसाल्याला 'चटणी'च म्हणतात. पाहुण्याला वाटतं ताटात डावीकडे वाढायची चटणी. आम्ही म्हणतो ती भाजीत, कालवणात पडते. चैत्र-वैशाखात मिरच्या उन्हात पडल्या की गल्लीभर ठसका आणि शिंका. रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी हा आमच्याकडचा नियम. ब्याडगी आता हावेरी जिल्ह्यात. तिथली सुरकुतलेली, गडद लाल, बेताची तिखट मिरची इतकी नावाजलेली की तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. संकेश्वर तर आमच्याच जिल्ह्यातलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्या दिवसापासून आपल्याकडे किती आंदोलनं झाली ते सांगायला नको. चटणीत मात्र ब्याडगी आणि संकेश्वरी आधीपासून एकत्र कुटल्या जात होत्या. डंकाला सीमा माहीत नव्हती.

आईच्या चटणीत एक किलो मिरचीला भरपूर कांदा-लसूण, सुकं खोबरं, धणे, जिरे, तीळ, थोडा खडा मसाला आणि पाव किलो खडं मीठ असे. हे मीठ लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे. ते चवीसाठी कमी आणि टिकण्यासाठी जास्त. कांदा-लसणाचा ओलावा असलेली चटणी वर्षभर चिनी मातीच्या बरणीत टिकवायची तर मिठाशिवाय उपाय नव्हता.

आता इंदूर. होळकर, शिंदे, पवार माळव्यात स्थिरावले अठराव्या शतकात. १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. फौजेबरोबर, कचेरीबरोबर, देवस्थानांबरोबर मराठी कुटुंबं आली आणि राहिली. आमच्या सासरची मंडळी अशीच कचेरीच्या कामाला आली, असं घरात सांगतात. त्यांच्याबरोबर गोडा मसाला आला. पण मसाला म्हणजे काही देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे, की गाठोड्यात बांधून आणली तशीच पुढे पुजली. तो दरवर्षी नव्यानं करावा लागतो, आणि करताना बाजारात जे मिळतं तेच पडतं.

आमच्याकडे एक वही आहे. शिवण सुटलेली, हळदीचे डाग पडलेली. पहिली पानं माझ्या आजेसासूबाईंच्या हातची, पुढची सासूबाईंच्या. आजेसासूबाईंचं सगळं माप तोळ्यांत, छटाकांत आणि अच्छेरात. सासूबाईंचं ग्रॅममध्ये. दशमान वजनं आपल्या देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, म्हणजे तोळ्याची पानं त्या सुमाराची किंवा त्याआधीची. नव्या मुलींसाठी सांगते: तोळा म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम, ८० तोळ्यांचा एक शेर, ५ तोळ्यांची छटाक, आणि अच्छेर म्हणजे अर्धा शेर, ४० तोळे.

वहीतला गोडा मसाला असा आहे. धणे ४० तोळे. जिरे १० तोळे. तीळ १० तोळे. सुकं खोबरं ५ तोळे. सुक्या मिरच्या ४ तोळे. खसखस, बडीशेप, दगडफूल आणि हळद प्रत्येकी २ तोळे. दालचिनी, लवंग, मिरे, तमालपत्र, शहाजिरे आणि मसाला वेलची प्रत्येकी १ तोळा. नागकेशर आणि बाद्यान, म्हणजे चक्रीफूल, अर्धा-अर्धा तोळा. हिंग अर्धा तोळा. मीठ नाही.

पुण्याच्या माझ्या मावशीनं हे पान वाचलं आणि म्हणाली, "अगं, खोबरं इतकं कमी? आणि बडीशेप कशाला मेली गोड्या मसाल्यात?" प्रश्न अगदी बरोबर होता, आणि उत्तर माळव्याच्या जमिनीत आहे. नारळ इथे पिकत नाही. खांडव्याहून इंदूरला होळकर स्टेट रेल्वे आली तीही १८७० च्या दशकात. त्याआधी किनाऱ्याकडचं खोबरं बैलांच्या पाठीवरून घाट आणि नर्मदा ओलांडून येणार, म्हणजे ते सणावारीच वापरायचं. तीळ मात्र जवळचे. म्हणून आमच्या मसाल्यात खोबऱ्याच्या दुप्पट तीळ. खसखस मंदसोर-नीमचकडची, अफूच्या शेतीचा तो पट्टा. धणे गुना-कुंभराजकडचे, हिरवट आणि वासाला दांडगे. मिरची निमाडातली. खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाचा मिरचीबाजार आजही मोठा आहे. आणि बडीशेप हा माळव्याच्या शेजाराचा संस्कार. इथे ती कचोरीत असते, लोणच्यात असते, पोह्यात तर असतेच. शेजारणीकडून वाटी घेता-देता आजेसासूबाईंच्या मसाल्यात तीही येऊन बसली असणार.

नावांचंही असंच. सियागंजात 'दगडफूल द्या' म्हटलं तर दुकानदार तोंडाकडे बघतो. 'पत्थर फूल' म्हणावं लागतं. मोठ्या वेलचीला 'बडी इलायची' आणि शहाजिऱ्याला 'शाह जीरा'. घरात मराठी, दुकानात हिंदी, आणि पिशवीत दोन्ही.

हा लेनदेनीचा व्यवहार एकट्या इंदूरचा नाही. पोहे माळव्यात मराठी घरांबरोबर आले असं आपण अभिमानानं सांगतो. पण इंदूरनं त्यांना वाफेवर ठेवलं, वर शेव घातली आणि जिरावण भुरभुरलं. आता आमच्या घरचे कांदेपोहेसुद्धा जिरावणाशिवाय अळणी वाटतात. बडोद्याच्या माझ्या नणंदेकडे धणे-जिऱ्याची एकत्र पूड म्हणजे 'धाणाजीरू' रोजच्या भाजीत पडते, अगदी गुजराती शेजारणीसारखी. हैदराबादच्या मराठी घरांत मराठवाड्याचा येसर भेटतो, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींच्या पिठात कालवलेला मसाला, कारण मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. गोव्यात कोरड्या पुडीपेक्षा नारळाचं रोजचं वाटप मोठं. तिथे तिरफळ, आणि काणकोणची खोला मिरची. आणि सगळ्यांत जुनं लांबचं घर तंजावरचं. सांबाराची संभाजीराजांशी जोडलेली गोष्ट सगळेच आवडीनं सांगतात. ती गोष्ट बाजूला ठेवली तरी सरफोजीराजांच्या दरबाराच्या पाककृतींचं 'सरभेंद्र पाकशास्त्र' तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयानं छापलेलं आहे. मराठी राजवाड्याची चूल तमिळ मुलखात कशी पेटत होती त्याचा तो लेखी पुरावा.

आपल्या साध्या घरांना मात्र दरबारी ग्रंथ नाहीत. छापील पुस्तकं आली, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० पासून घराघरांत पोचली, आणि वाटी-चमच्याच्या मापानं कितीतरी नव्या सुनांना धीर दिला. पण पुस्तकात पुस्तकाचा मसाला असतो. आमच्या गल्लीचा मसाला फक्त वहीत, किंवा वही नसेल तर कुणाच्या तरी हातात. तो हात थकला की संपलं.

आणि तो थकतोच आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मसाला घरी करणं मागे पडलं. कारणं साधी आहेत. एकत्र घरं फुटली, उन्हाची गच्ची राहिली नाही, बायका नोकरीला लागल्या. पाकीट स्वस्त, सोयीचं, त्यावर 'अस्सल मराठी' असं लिहिलेलं. मी त्याला नावं ठेवत नाही. दिवसभर कचेरीत राबून आलेल्या बाईनं पाकीट फोडलं तर तिला बोल लावणाऱ्यानं आधी स्वतः खलबत्ता हातात घ्यावा. माझं दुःख वेगळं आहे. त्या पाकिटातली चव पुण्या-मुंबईची असते. ती मराठी असते, पण आपली नसते. इंदूरच्या मुलीनं ते वापरलं की बडीशेप गेली, खसखस गेली, दोनशे वर्षांचा माळवा आमटीतून गेला. बेळगावच्या मुलीनं वापरलं की ब्याडगी-संकेश्वरीचं गणित गेलं. परक्या मुलखात जे कुणी पुसू शकलं नाही, ते 'अस्सल मराठी' असं छापलेलं पाकीट गुपचूप पुसून टाकतं.

आमच्या घरात वही पुन्हा उघडली गेली ती मात्र इतिहासाच्या प्रेमानं नाही, तब्येतीमुळे. मामंजींना रक्तदाब निघाला आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. मग आम्ही स्वयंपाकघरात मीठ कुठून कुठून येतं ते बघायला बसलो. पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचली. तिथे जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, म्हणजे मीठ यादीत जितकं वर तितकं जास्त. काही पाकिटांत ते बरंच वर होतं. जिरावणात काळं मीठ. माझ्या लाडक्या माहेरच्या चटणीत किलोला पाव किलो मीठ.

इथे वहीतल्या त्या 'मीठ नाही'चं मोल कळलं. मसाल्यातच मीठ असलं की चव वाढवायला चमचाभर मसाला जास्त घातला तर मीठही आपोआप वाढतं. दोन्ही एकाच दोरीला बांधलेली. गोड्या मसाल्यात मीठ वेगळं आणि वास वेगळा. धणे-जिरे-तिळांचा खमंगपणा वाढवला, थोडी चिंच किंवा आमसूल वाढवलं, की मीठ कमी केलेलं जिभेला तितकं टोचत नाही. मसाला म्हणजे औषध नव्हे, आणि त्यानं रक्तदाब उतरतो असा दावा मी करणार नाही. पण कमी मिठाचं, कमी तेलाचं, बेताच्या तिखटाचं जेवण माणसानं तोंड वाकडं न करता रोज जेवावं, एवढं काम तो नक्की करतो. मामंजी जेवले, हेच आमच्यासाठी पुष्कळ होतं.

आता आम्ही कसं करतो ते सांगते. शेरभराचा मसाला आजच्या घराला जास्त होतो आणि खोबरं-तीळ खवट होतात. म्हणून एका तोळ्याला ३ ग्रॅम असा हिशोब धरायचा. धणे १२० ग्रॅम, जिरे आणि तीळ ३०-३०, खोबरं १५, मिरच्या १२. खसखस, बडीशेप, दगडफूल, हळद प्रत्येकी ६. दालचिनीपासून मसाला वेलचीपर्यंतचे सहा जिन्नस प्रत्येकी ३. नागकेशर, बाद्यान आणि हिंग प्रत्येकी दीड ग्रॅम. एकूण पाव किलो होतो. चौघांच्या घरात दोन महिने पुरतो.

प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजायचा, हा नियम मोडायचा नाही. तीळ तडतडायला लागले की झाले, धण्यांना वेळ लागतो, खसखस डोळ्यांदेखत करपते. एकत्र भाजलं तर एक कच्चा आणि दुसरा जळका. दगडफूल निवडून, त्यातली माती-खडे झटकून घ्यायचं आणि थेंबभर तेलावर परतायचं. खोबरं कोरडंच, बदामी होईपर्यंत. हिंग तेलात फुलवून, आणि हळद गॅस बंद केल्यावर गरम कढईत नुसती फिरवून. सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय दळायचं नाही. मिक्सर सलग फिरवला तर भांडं तापतं आणि वास भांड्यातच उडून जातो, म्हणून थांबून थांबून फिरवायचा. उखळात ही अडचण नव्हती, तिथे माणूसच दमून थांबत असे. मग चाळून, कोरड्या काचेच्या बाटलीत, उजेडापासून लांब. बाटलीवर तारीख.

जिरावण आम्ही घरी करतो ते काळं मीठ निम्म्याहून कमी करून आणि आमचूर वाढवून. भाजलेलं जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, मिरे, हिंग, थोडी निमाडी मिरची. माहेरची चटणीही सोडलेली नाही. पण आता ती वर्षाची नाही, थोडी थोडी करते. ब्याडगी आणि संकेश्वरी, खोबरं, धणे, जिरे, तीळ एवढंच कोरडं कुटून ठेवायचं. मीठ नाही, कांदा-लसूण नाही. कांदा भाजी करताना भाजायचा, लसूण तेव्हाच ठेचायचा. वर्षभर टिकवण्याची गरज संपली, तशी त्या पाव किलो मिठाचीही संपली. जुन्या पद्धतीमागचं कारण कळलं की काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते आपोआप कळतं.

आमच्या वहीत एकही पदार्थ तारखेनं सुरू होत नाही आणि कुठेही सही नाही. तिथे कुणाला आपण इतिहास लिहितोय असं वाटलं नव्हतं. तरी मला सनदेपेक्षा ते पान जास्त बोलकं वाटतं. सनद सांगते की कुणाला कुठलं गाव मिळालं. खोबरं ५ तोळे आणि तीळ १० तोळे हे सांगतं की त्या गावात घरातल्या बायकांनी दिवस कसे काढले.

तेव्हा ग्वाल्हेर, देवास, धार, बडोदा, बेळगाव, निपाणी, पणजी, हैदराबाद, जिथे कुठे तुम्ही असाल, तुमच्या घरातल्या आजीला, काकूला, आत्याला एकदा विचारा. 'अंदाजानं घालते' असं उत्तर येणार, ते ठरलेलंच आहे. त्यांना मसाला करू द्या आणि प्रत्येक मूठ कढईत पडायच्या आधी वजनकाट्यावर धरा. मापं लिहून घ्या, आणि शेजारी हेही लिहा की तो जिन्नस कुठल्या बाजारातून येतो आणि दुकानात त्याला काय म्हणतात. मग इथे टाका. माझ्या माहितीत आमच्याइतकी बडीशेप घालणारं दुसरं घर अजून सापडलेलं नाही. असेल तर आपण बहुधा एकाच गल्लीतले निघू.